खालीची जागा

“कुठली विडी?” अव्वानं विचारलं.

मल्लिकार्जुन मन्सूरांचं आत्मचरित्र वाचत होतो. मंजीखाँसाहेब अचानक गेले, हाताशी आलेला गुरू निसटला, तो भाग नुकताच संपला होता. मला वाटलं, अव्वा त्यावर काही बोलेल. तर तिचं मन भलतीकडंच अडकलं होतं. वाचता वाचता मघाशी मी सहज सांगून गेलो होतो की, हा एवढा मोठा गवई, पण विडीचा भारी शौकीन. मन्सूरांच्या सहवासातल्या माणसांनी लिहून ठेवलेल्या आठवणींतून ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, मांडीवर सूप. सुपात पत्र्याच्या मापानं कापलेली तेंदूची ओलसर पानं, तंबाखूचा ढीग, दोऱ्याचं रीळ. बोटं चालूच होती, मान तेवढी वर आली.

“सांग की. आपल्याकडची असंल का?”

असेलही. सुपातून उठलेली विडी कुठल्या गावात, कुणाच्या ओठांत जाते याचा हिशेब कोण ठेवतो? पण त्या दुपारपासून मन्सूर आमच्या घरातले झाले. पद्मविभूषण, जयपूर-अत्रौली घराणं, शुद्ध नट आणि बिहारीसारखे कुणी फारसे न गाणारे राग, यातलं काही अव्वाच्या कामाचं नव्हतं. आपण वळलेली विडी ज्यानं ओढली असू शकते, तो माणूस परका राहत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पानं भिजत घालता घालताच विचारलं, “त्या विडीवाल्याचं काय झालं पुढं?”

कुंभारी हे सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्यानं निघालं की लागणारं गाव. जुनं गाव काळ्या रानाचं, ज्वारीचं, कन्नड बोलणारं. माळावरची आमची वसाहत मात्र नवी. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते इथली घरं विडी कामगार बायकांना मिळाली. दहा हजार घरं, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. त्याआधी आम्ही शहराच्या पूर्व भागात एका खोलीत भाड्यानं होतो. भिंतीपलीकडं यंत्रमाग, त्यामुळं मोठ्यानं बोलायची सवय घरातल्या सगळ्यांनाच. इथं आलो तेव्हा पहिले चार महिने शांततेनंच झोप लागेना. आता पलीकडं रे नगर उभं राहिलंय, 2024 च्या जानेवारीत तिथल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं, आणि माळ म्हणावा असा माळ फारसा उरला नाही.

वसाहतीला नाव गोदूताई परुळेकरांचं. वारल्यांच्या लढ्याची कहाणी सांगणारं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्यांचं. 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे आमचा पत्ताच मुळी एका आठवणी लिहिणाऱ्या बाईच्या नावानं आहे. रिक्षावाल्याला ते ठाऊक नसतं. त्याच्या लेखी गोदूताई हा एक थांबा.

आमच्या घरात कन्नड, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी. बोलायला तिन्ही येतात, लिहायला एकच. कन्नड अक्षरं मी शिकलो ती सोलापूरच्या एसटी स्टँडवर, कर्नाटकच्या गाड्यांच्या पाट्यांवरून. विजापूरनं मला व, ज, प आणि र दिले. कलबुर्गीनं क, ल, ब आणि ग. नोकरीला लागल्यावर रोज गाडीची वाट बघत उभं राहायचं, त्या वेळात एकेक गाव सोडवत गेलो. अक्षरं आली, पण वेग काही आला नाही. आजही कन्नड मला मनातल्या मनात वाचता येत नाही. ओठ हलल्याशिवाय, कानानं ऐकल्याशिवाय शब्द लागत नाही. म्हणून मन्सूरांचं ‘नन्न रसयात्रे’ हातात घेतलं ते मोठ्यानंच वाचावं लागलं. समोर अव्वा विड्या वळत बसलेली. तिला बोलता येतं, वाचता येत नाही. मला वाचता येतं, पण धारवाडकडचे निम्मे शब्द कळत नाहीत. मी अक्षरं लावायची, तिनं अर्थ सांगायचा. एक पुस्तक वाचायला अशी दोन माणसं लागली.

क्यूबात सिगार वळणाऱ्या कामगारांना काम चालू असताना कुणीतरी पुस्तकं वाचून दाखवायचं, ही प्रथा 1865 च्या सुमारास हवानात सुरू झाली. ‘माँटेक्रिस्टो’ हे सिगारचं नाव तिथल्या कामगारांच्या आवडत्या कादंबरीवरून पडलं असं सांगतात. केरळात कन्नूरकडं विड्या वळणाऱ्यांतही वाचणारा असायचा. तो वर्तमानपत्र वाचायचा आणि त्याच्या वाटणीच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. सोलापुरात विडी घराघरांत वळली जाते. बाई आपल्या उंबऱ्यात एकटी, सोबत फार तर टीव्हीवरची मालिका. आमचा टीव्ही पावसाळ्यात बिघडला आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून अव्वा म्हणाली, राहू दे. वाचन सुरू व्हायला इतकंच कारण झालं. उगाच त्याला संस्काराची वगैरे झालर लावत नाही.

मला तबल्याचा नाद. भजनी मंडळात साथ करण्यापुरता हात, त्यापलीकडं काही नाही. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची आत्मचरित्रं मी मिळतील तशी वाचत आलोय, आणि बरीच वर्षं मला एक कोडं होतं. या माणसांनी आयुष्यभर जे केलं, ते कागदावर येतच नाही. चित्रकाराचं चित्र पुस्तकात छापता येतं, नटाचा फोटो देता येतो. गाण्याचं काय करणार? ‘त्या रात्री माझा बिहागडा जमला’ एवढं वाक्य वाचून कुणाच्या कानात काय वाजणार? मूळ वस्तूच गैरहजर असलेलं हे पुस्तक. तरी वाचणाऱ्याचा जीव गुंततो. गाण्यातलं ओ की ठो न कळणाऱ्याचाही गुंततो. अव्वाचा गुंतला, म्हणून तर हे लिहायला बसलो.

तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिलीवर सम, नवव्या मात्रेवर खाली. खालीला डग्ग्याचा घुमारा जातो, मात्रा जात नाही. लय चालूच असते, फक्त खालचा भरणा काढून घेतलेला असतो. हातानं ताल धरणारा बाकीच्या ठिकाणी टाळी देतो आणि खालीला तळवा उताणा करतो. शिकत होतो तेव्हा ही खाली मला फालतू वाटायची. वाजवायचंच आहे तर सगळीकडं दणकून का वाजवू नये? शिकवणाऱ्यांनी एकदा माझा डावा हात धरून ठेवला आणि पंधरा मिनिटं नुसत्या चाटेवर ठेका धरायला लावला. नंतर हात सोडला, तेव्हा समेवरच्या ‘धा’नं माझंच काळीज हललं.

गवयाचं आत्मचरित्र वाचताना मला हा उताणा तळवा आठवतो. तो स्वतःबद्दल ठोकून सांगतो, मानपत्रं, महाराजांनी दिलेली बिदागी, कुठल्या परिषदेत कुणाची कशी जिरवली, तिथं आपण माना डोलावतो आणि पान उलटतो. पण मध्येच कुठंतरी त्याचा डग्गा गप्प होतो. एखादी लाज, एखादी भूक, कुणाचं तरी जाणं तो दोन ओळींत सांगून पुढं सरकतो. तिथं वाचणाऱ्याचा हात उताणा होतो.

मन्सूरांचंच घ्या. 1910 साली धारवाडजवळच्या मन्सूर गावात शेतकऱ्याच्या घरी जन्म. नाटक कंपनीत गाणाऱ्या या पोराचा आवाज नीलकंठबुवा आलूरमठांनी हेरला आणि त्याला मिरजेला नेलं. ग्वाल्हेरची तालीम झाली, एचएमव्हीच्या तबकड्या निघाल्या, नाव झालं. मग मुंबईत विष्णुपंत पागनिसांनी, म्हणजे ‘संत तुकाराम’ चित्रपटातल्या तुकोबांनी, त्यांना अल्लादियाखाँसाहेबांकडं नेलं आणि खाँसाहेबांनी आपल्या मुलाकडं, मंजीखाँकडं, सोपवलं. हे मी अव्वाला वाचून दाखवलं तेव्हा तिनं विडीचं तोंड दुमडता दुमडता म्हटलं, “तबकड्या निघालेला माणूस परत पहिलीत बसला?”

समीक्षकांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. दोन घराणी, त्यांचा मिलाफ, लयीचा पेच. मला अव्वाचं वाक्य पुरतं. पंचविशीतला, नाव झालेला माणूस पाटी कोरी करून बसतो आणि थोड्याच काळात, 1937 साली, तो नवा गुरूही जातो. मग धाकटे भाऊ भूर्जीखाँ त्यांना शिकवतात. पुस्तकभर गुरूंच्या गोष्टी, देवाची कृपा, स्वतःची फुशारकी जवळजवळ नाहीच. आता हे विनयानं होतं की तो त्या पिढीचा रिवाज होता, असा प्रश्न पडू शकतो. मलाही पडला. गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरायची पद्धत पुष्कळांनी नुसती पद्धत म्हणूनच पाळली. पण रिवाज पाळणारा माणूस आणि आतून वाकलेला माणूस यांतला फरक वाचताना कळतो. रिवाजवाला गुरूची थोरवी सांगतो. मन्सूर गुरू गेल्यावर आपली काय गत झाली ते सांगतात.

स्वभाव कधी कधी पुस्तकाच्या नावातच बसलेला असतो. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे, पेटीचे बादशहा, ‘मानापमान’च्या चालींचे कर्ते, ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटातले हरिश्चंद्र. त्यांनी आत्मचरित्राला नाव दिलं ‘माझा जीवनविहार’. विहार! आयुष्याकडं बागेतून फेरफटका मारल्यासारखं बघायला वेगळीच ऐट लागते. शाहीर साबळ्यांचा ‘माझा पवाडा’, तो उभं राहून, हात वर करूनच म्हणायचा. सुलोचना चव्हाणांचं ‘माझं गाणं, माझं जगणं’, दोन्ही एका दमात. पुणतांब्याचे सी. रामचंद्र ‘माझ्या जीवनाची सरगम’ म्हणतात आणि सगळे सूर, कोमल-तीव्र, बिनदिक्कत लावतात. ते पुस्तक रंगतदार आहे यात वाद नाही. त्यातल्या मोकळेपणानं त्या काळी खळबळही उडाली. पण मला ते वाचताना सतत भरगच्च ठेका ऐकल्यासारखं वाटतं. दाद द्यावी, पण आत शिरायला फट सापडत नाही. हे माझं मत, सी. रामचंद्रांच्या चाहत्यांनी रागावू नये. अव्वाला मी ते वाचून दाखवलेलंच नाही.

सुधीर फडक्यांचं मात्र दाखवलं. मराठी पुस्तक असल्यामुळं माझी गाडी इथं धावली आणि अर्थ सांगायचं काम माझ्याकडं आलं. ‘जगाच्या पाठीवर’ हे त्याचं नाव मूळ 1960 च्या राजा परांजपे यांच्या चित्रपटाचं. त्यात माडगूळकरांनी लिहिलेलं, विणकराच्या मागावरून आयुष्याचा हिशेब मांडणारं गाणं आहे. पूर्व भागात असताना हे गाणं रेडिओवर लागलं की भिंतीपलीकडचा माग खडखडत असायचा, आणि मला बरीच वर्षं वाटायचं की तो खडखडाट गाण्यातलाच आहे. फडके 1919 साली कोल्हापुरात जन्मले, नाव राम. वडील वकील, घर खातंपितं. आई लवकर गेली, घराची घडी विस्कटली आणि हा मुलगा गळ्यातल्या गाण्याखेरीज काही जवळ नसताना मुंबईत आणि मग उत्तरेत कुठं कुठं भटकला. ज्या दिवसांसाठी महाराष्ट्र त्यांना ओळखतो, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरचं गीतरामायण, छप्पन्न गीतं, घराघरांत लागणारे रेडिओ, त्यापेक्षा आधीच्या उपासमारीच्या दिवसांनीच पुस्तक भरलंय. आणि ते अपुरं आहे. 2002 साली ते गेले, पुस्तक त्यांच्यामागं राजहंसनं काढलं.

एवढा मृदू आवाज असलेला माणूस आतून किती हट्टी होता, ते या पुस्तकात दिसतं. गाण्यात त्यांनी शब्दाचा एक काना कुणाला वाकडा करू दिला नाही. त्या काटेकोरपणाचं मूळ मला त्यांच्या उपाशी दिवसांत सापडतं. ज्याच्याजवळ एकच सदरा असतो, तो त्या सदऱ्याची घडी मोडू देत नाही. अव्वाला हे लगेच पटलं. तिचे सुपाचे नियम असेच आहेत. पानाची शीर अमुकच बाजूला, दोऱ्याचे वेढे मोजून, कात्री उंबऱ्यावर ठेवायची नाही. रोज सातशे विड्या, पूर्वी हजार व्हायच्या. दुसऱ्या दिवशी त्या विडी कारखान्याच्या शाखेत देऊन यायच्या, तिथं तपासणारा त्यातल्या सैल, फाटक्या, वाकड्या विड्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाट गेलेल्याचे पैसे नाहीत. अव्वाची छाट वीसच्या वर कधी जात नाही, याचा तिला मन्सूरांना पद्मविभूषणचा नसेल इतका अभिमान.

वामनदादा कर्डकांच्या ‘माझ्या जीवनाचं गाणं’ची वेळ आली तेव्हा मी थोडा बिचकलो होतो. कारण त्यांची ती गोष्ट. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा तरुण मुंबईच्या चाळीत राहत होता. कुणीतरी त्याला पत्र वाचायला दिलं. वाचता येत नव्हतं. एवढा बापया झालास आणि अक्षर येत नाही, या लाजेनं तो रडला. मग बाराखडी शिकला आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं. पुढं याच माणसानं हजारो गाणी लिहिली आणि बाबासाहेबांचा विचार वाडीवस्तीवर गळ्यानं पोचवला. दुकानांच्या पाट्यांशी माझं नातं होतंच, एसटीच्या पाट्यांमुळं. पण समोर बसलेल्या निरक्षर आईला हे कसं वाचून दाखवायचं? तिला लागेल, ती गप्प होईल, मग मला काय बोलावं ते सुचणार नाही, अशी सगळी तयारी करून मी वाचलं.

अव्वा खो खो हसली. हसताना खोकला आला, तंबाखूचा खकाणा उडाला, तिनं पदर तोंडाला लावला.

“अक्कलकोटच्या गाडीच्या पाटीत शेवटी गळ असतोय,” ती म्हणाली, “मासे धरायचा गळ असतोय ना, तसला. ते बघून मी चढते. एकदा बागलकोटच्या गाडीला पण गळच होता. सोरेगावात उतरवलं मला कंडक्टरनं. डोक्यावर पानाचं गाठोडं, पायात चप्पल नाही, तिथनं चालत आले.”

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. पंचावन्न वर्षांचा मुलगा आणि आईच्या आयुष्यातली ही एक गाडी त्याला ठाऊक नाही. ती हसत होती, कारण एवढ्या मोठ्या शाहिराची आणि तिची एकच फजिती झाली होती. सहानुभूती या शब्दात मला नेहमी थोडं वरून खाली बघणं ऐकू येतं. अव्वाचं तसं नव्हतं. ती वामनदादांच्या शेजारी जाऊन बसली आणि दोघं मिळून हसली.

ज्यांनी लिहिलंच नाही अशांचंही अधूनमधून मनात येतं. अक्कलकोटच्या दरबाराशी नातं सांगणारं सुंदरी हे वाद्य. सनईची धाकटी बहीण म्हणावी एवढंसं, आवाज मात्र तोऱ्याचा. सोलापूरच्या जाधव घराण्यानं ते पिढ्यान्‌पिढ्या फुंकत ठेवलं. आमच्याच रस्त्यावरून ते कितीदा गेलं-आलं असेल. जत्रेत, लग्नात वाजवून पहाटेच्या गाडीनं परतणाऱ्या अशा वाजवणाऱ्यांच्या डोक्यात काय काय असेल? पण तो विषय निराळा.

गंगूबाई हनगलांचं पुस्तक आम्ही श्रावणात घेतलं. ‘नन्न बदुकिन हाडु’, माझ्या जगण्याचं गाणं. हे सांगितलेलं आणि दुसऱ्यानं लिहून घेतलेलं, त्यामुळं वाचताना माझी जीभ कमी अडखळली. बोलणाऱ्या बाईचं कन्नड होतं, अव्वाच्या ओळखीचं. धारवाडात लहानपणी शेजारच्या बड्या घराच्या बागेत आंबे तोडताना त्या सापडल्या. आंबे चोरले याचा त्या लोकांना राग नव्हता. गाणाऱ्या बाईची पोर आपल्या बागेत शिरली, त्याचा विटाळ होता. पुढं मोठेपणी त्याच मंडळींनी त्यांना मानानं घरी बोलावलं. 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर स्वागतगीत म्हणायला निवड झाली तेव्हा अकरा वर्षांच्या गंगूला गाण्याची भीती नव्हती. जेवणं झाल्यावर आपल्याला तिथली साफसफाई करायला लावतील की काय, या धास्तीनं ती पोर गेली होती.

बागेतल्या आंब्यांवर अव्वा काही बोलली नाही. गल्लीतल्या दोन घरांची नावं तेवढी घेतली आणि “वाच” म्हणाली.

मग आल्या अंबाबाई, गंगूबाईंच्या आई. कर्नाटक संगीतात तयार, इतक्या की अब्दुल करीमखाँसाहेबही त्यांचं गाणं ऐकायला येत. मुलीचा कल हिंदुस्थानीकडं आहे असं दिसलं. घरात दोन तऱ्हेचं गाणं एकत्र कानावर पडलं तर पोरीच्या सुरांवर परिणाम होईल, म्हणून अंबाबाईंनी स्वतःचं गाणं थांबवलं. पुढं हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडं जाणं-येणं, रेल्वेची धावपळ, तबकड्यांवरचं ‘गांधारी हुबळी’ हे नाव, घशाच्या दुखण्यानंतर बदललेला तो भारदस्त, पुरुषी म्हणावा असा आवाज, सगळं पुढं येतंच. तो आवाज ऐकलेला माणूस विसरत नाही. पण अंबाबाई 1932 सालीच गेल्या. मुलीच्या कीर्तीचा बहुतेक भाग त्यांनी पाहिलाच नाही.

मी पान उलटलं. अव्वा म्हणाली, “थांब.”

थांबलो.

“गाणं सोडलं. मग सांजच्याला काय करत असंल ती?”

पुस्तकात शोधायचं म्हणून मी दोन पानं मागं गेलो, उगाचच. बाहेर टँकर आला होता, घागरींचा आवाज, कुणीतरी तेलुगूत कुणाला तरी रांगेवरून झापत होतं.

“आई गात बसली तर पोरीला ऐकू येणार,” अव्वा म्हणाली, “म्हणजे मनात पण म्हणता येत नसंल. ओठ हलले तरी पोरगी बघणार.”

मी काही बोललो नाही.

“मी हंतीचं पद म्हणायची.” तिनं रिळाचा दोरा दातानं तोडला. हंती म्हणजे खळ्यावरची मळणी, रात्रभर बैल गोल फिरायचे आणि बाप्ये पदं म्हणायचे, एवढं मला माहीत होतं. बायका म्हणायच्या का, हे माहीत नव्हतं. ती म्हणायची हे तर नव्हतंच. पूर्व भागातल्या त्या खोलीत, मागाच्या आवाजात, कुणी काय म्हटलं असतं आणि कुणाला ऐकू आलं असतं?

“कधी?” मी विचारलं.

“मुंद ओदु,” ती म्हणाली. पुढं वाच.

मी वाचलं. कुंदगोळची गाडी, सवाई गंधर्वांच्या तालमीत एकच पलटा पुन्हापुन्हा, सगळं वाचलं. एकदाही अर्थ अडला नाही आणि तिनं एकदाही दुरुस्त केलं नाही. दिवेलागणीला तिनं सूप झटकलं, विड्यांचे कट्टे बांधले, मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला गाडीवरून शाखेपर्यंत सोडलं. नेहमीसारखा बाहेर थांबलो. ती आली तेव्हा पिशवीत छाट नेहमीपेक्षा जड दिसत होती. घरी येऊन तिनं ती सुपात ओतली. मी मोजली नाही, पण साठेक तरी असतील. सगळ्या एकाच तऱ्हेच्या सैल, दोऱ्याचा वेढा एक-एक कमी.

“पान वाळलं होतं काल,” अव्वा म्हणाली आणि दोरे सोडवायला बसली.